प्रकल्पवाल्या बाई

घरत बाई डोळे मिटून शिकवायच्या.

वर्गात आल्या की खुर्चीवर बसायच्या नाहीत. टेबलाला टेकून उभ्या राहायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "लिहा." मग भूगोल सुरू. प्रश्न, त्याखाली उत्तर, उत्तराखाली रेघ. विरामचिन्हंसुद्धा त्या तोंडाने सांगत. "दख्खनचे पठार अग्निजन्य खडकांनी बनलेले आहे, पूर्णविराम. तेथील मृदा काळी व कसदार आहे, पूर्णविराम." आवाज खालचा, मऊ, एका लयीतला. दुपारच्या तासाला तो व्हरांड्यात ऐकला तरी जांभई यायची. मुलांनी त्यांचं नाव 'पूर्णविराम बाई' ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. मधल्या सुट्टीत आपण भाजी पुढे केली तर त्या स्वतःच म्हणायच्या, "नको गं, पोट भरलं, पूर्णविराम."

आमची शाळा बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्याच्या अंगाला. मराठी माध्यम, पाचवी ते दहावी. मी गणित शिकवते. शिवाय वेळापत्रक, परीक्षा, कोण रजेवर आणि त्याचा तास कोणाला, हे सगळं माझ्याकडे असतं. मला याद्या करायला आवडतात आणि बाकी कोणाला आवडत नाहीत, एवढंच त्याचं कारण. वासंती घरत माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. माहेर आणि सासर दोन्ही अंबरनाथ. मला त्या 'शुभा' म्हणत, मी त्यांना 'बाई'.

स्वभावाने त्या पूर्ण स्वप्नाळू. रिक्षातून उतरायचं विसरणारी माझ्या ओळखीतली ही एकच व्यक्ती. एकदा पहिला तास त्यांचा आणि बाईंचा पत्ता नाही. मी त्यांच्या वर्गावर जाऊन बसले. अर्ध्या तासाने आल्या, चपलांना चिखल. "अगं, रिक्षावाला बोलला नाही आणि मीही बोलले नाही. पार पुढे गेले. भात निसवलाय तिकडे, लोंब्या आल्यात. चालत आले परत." रागावायचं कसं, हा प्रश्न पडायचा. व्हरांड्यातून जाताना त्या मध्येच थांबायच्या आणि बाहेर बघत राहायच्या. आपणही थांबून बघितलं तर बाहेर काहीच नसायचं. एखादी पाण्याची टाकी, तारेवर वाळणारी चादर.

मला नवल याचं वाटायचं की स्टाफरूममधली सगळ्यांत स्वप्नाळू बाई वर्गात मात्र सगळ्यांत कोरडं शिकवायची. एकदा मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "उत्तरं लिहून दिली की पोरं पास होतात. त्यांच्या बापांना शिफ्टमधून घरी आल्यावर शिकवायला वेळ आहे का? मग पास तरी होऊ देत." मग म्हणाल्या, "आणि खरं सांगू? डोळे मिटले ना, की मला ते पठार दिसतं. काळी माती, कापसाची बोंडं, सगळं. मी बघते आणि सांगते. त्यांना ते दिसत नाही, हे मात्र खरं."

कधी कधी दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळायच्या. वह्या तपासणीला नववीचा गठ्ठा माझ्याकडे आला होता. पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं चालली होती. कांडला, मुंबई, मार्मागोवा, मंगळुरू, आणि त्यापुढे सगळ्या वर्गाच्या वहीत, सुवाच्य अक्षरात, एकच वाक्य: 'खिडकीत कावळा भिजतो आहे.' शेवटी पूर्णविराम. मी वही घेऊन बाईंकडे गेले.

"हे काय?"

त्यांनी वाचलं आणि पदर तोंडाला लावला. "बोलले वाटतं मी. अगं, भिजत होता बिचारा."

"आणि मुलांनी लिहिलं?"

"लिहिणारच. मी 'लिहा' म्हटलं होतं."

सहामाहीत एकाने बंदरांच्या उत्तरात कावळाही उतरवला. बाईंनी त्याला पूर्ण गुण दिले. माझंच वाक्य आहे, कापू कसे, म्हणाल्या.

तर अशा बाईंना शासनाच्या प्रशिक्षणाला पाठवायचं ठरलं. विषय: प्रकल्पाधारित अध्ययन. सोबत मी. उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका शाळेचा हॉल, वर पत्रा, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या. सांगणारा मुलगा तिशीचाही नसेल. "सर-मॅडम, आजवर आपण सांगणारे होतो. आता आपण सोबत चालणारे व्हायचं," वगैरे. घरत बाई माझ्या शेजारी डोळे मिटून होत्या. मला वाटलं, लागली झोप.

"उद्या वर्गात असा प्रश्न घ्या," तो मुलगा म्हणाला, "ज्याचं उत्तर तुम्हाला स्वतःला माहीत नाही."

हॉलमध्ये हशा झाला. मागून एक सर म्हणाले, "मग पगार कशाचा घ्यायचा?"

बाईंनी डोळे उघडले आणि थेट विचारलं, "असं चालतं?"

"चालतं काय, तेच हवंय मॅडम."

"आणि पोरांनी विचारलं, बाई बरोबर काय? तर?"

"तर म्हणायचं, शोधूया."

"आणि नाहीच सापडलं तर?"

त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "जेवणाची सुट्टी घेऊया."

परतीला बाई आणि मी लोकलने निघालो. अंबरनाथला उतरताना म्हणाल्या, "शुभा, मला कितीतरी गोष्टी माहीत नाहीत गं. मी उगाच इतकी वर्षं लपवत बसले."

आता आमच्याकडे 'प्रकल्प' या शब्दाचा अर्थ काय, ते सांगायला हवं. मराठी शाळेत प्रकल्प म्हणजे थर्माकोल. हिरवा रंग, काडेपेटीची घरं, वर चमकी. बाईंनी नववीला सांगितलं, "तुम्हाला हवा तो विषय घ्या, प्रकल्प करून आणा." सोमवारी टेबलावर ज्वालामुखींची रांग लागली. सगळे एकाच उंचीचे, सगळ्यांचा लाव्हा एकाच बाजूने आलेला, प्रत्येकाच्या बुडाला एकाच दुकानाचा शिक्का. बाईंनी तो पत्ता वाचला. कॅम्प चार. संध्याकाळी मला घेऊन तिथे गेल्या. भांडायला नव्हे, बघायला.

दुकान म्हणजे गल्लीतला एक गाळा. छतापर्यंत सूर्यमाला टांगलेल्या. मालक सिंधी काका, गळ्यात चष्मा. "आओ साईं, क्या चाहिए? ज्वालामुखी? पवनचक्की? नवीन माल आलाय मॅडम, रेनवॉटर हार्वेस्टिंग. मोटरवाला. पानी असली में गिरता है."

"बनवतं कोण हे?" बाईंनी विचारलं.

"ऊपर बहू आणि तिच्या दोघी बहिणी. पूरा साल चलता है. तुम्ही टीचर काय?"

"हो."

"टीचर लोकांना डिस्काउंट. तुम्ही प्रोजेक्ट सांगता, म्हणून आमचा चूल्हा पेटतो." आणि त्यांनी मनापासून हात जोडले.

बाहेर आल्यावर बाई हसत सुटल्या. "बघ शुभा, माझ्या एका शब्दावर तीन बायका वर्षभर ज्वालामुखी बनवतात. आणि माझी पोरं त्यात बोटसुद्धा घालत नाहीत."

दुसऱ्या वेळी त्यांनी ज्वालामुखीवर बंदी घातली. प्रत्येकाने एक प्रश्न आणायचा, उत्तर पुस्तकात असता कामा नये, एवढीच अट. त्या प्रश्नांची यादी मी करून दिली होती, म्हणून काही अजून आठवतात. एमआयडीसीचा वास दिवसा का येत नाही, रात्रीच का येतो? उल्हासनगरला घरं पक्की आहेत तरी कॅम्प का म्हणतात? नदीचं नाव उल्हास कोणी ठेवलं, आणि तेव्हा ती कशी दिसत होती? आणि धरणाकडच्या पाड्यावरून येणाऱ्या यमुना मेंगाळचा: आमचा पाडा पुस्तकातल्या नकाशात का नाही?

यमुना ही सडपातळ, कमी बोलणारी मुलगी. पाड्यावरून सहा मुलं यायची, आधी चालत, मग शेअर रिक्षाने. दहावीपर्यंत पोचलेलं त्यांच्यातलं कोणी नव्हतं. यमुना पोचेल असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं. बाईंनी तिचा प्रश्न वर्गाचा प्रश्न केला. नकाशात नाही ना, मग आपण काढू. पाड्याची मुलं घरं, वाटा, हातपंप मोजतील, बाकीचे मदत करतील. मोजायची टेप दिली. आणि पालकांना कल्पना असावी म्हणून बाईंनी टेबलाला टेकून डोळे मिटले आणि सवयीने सांगितलं, "लिहा. सर्व पालकांना कळविण्यात येते की, आपल्या पाड्यात प्रकल्प राबविण्यात येणार असून घरे, रस्ते व विहिरी यांची मोजणी करण्यात येईल, पूर्णविराम. कृपया सहकार्य करावे, पूर्णविराम."

पुढच्या सोमवारी सहाही मुलं आली नाहीत. मंगळवारी त्यांचे आईबाप आले.

शाळेच्या फाटकात बारा-पंधरा माणसं उभी. पुढे यमुनाचा बाप, जानू मेंगाळ, हातात वहीचं पान आणि आमची टेप. मुख्याध्यापक मोरे सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, पण आत कोणी आलं नाही. शेवटी सर, बाई आणि मी, तिघं बाहेर आलो.

"ह्ये कोनी लिवला?" जानूने पान पुढे केलं. "अक्षर माझ्या पोरीचा हाय. भाषा सरकारची हाय."

"मी सांगितलं ते," बाई म्हणाल्या. "अहो, हा शैक्षणिक प्रकल्प आहे."

"नाव कायबी द्या. मागल्या टायमाला पन सायेब गोडच बोलत व्हता. आदी मोजनी. मंग घराला नंबर. मंग पानी."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही धरणाने उठवलेली माणसं. त्यांचं जुनं गाव पाण्याखाली आहे. आमच्या मुलांसाठी प्रकल्प म्हणजे थर्माकोल. यांच्या घरात 'प्रकल्प' हा शब्द एकदाच आला होता आणि घर घेऊन गेला होता.

मोरे सर समजावू लागले, "गैरसमज झालाय तुमचा..."

"सर, तुमचा घर कोनी मोजलाय कदी?" जानूचा आवाज चढला नव्हता. "माझीच पोर टेप धरून माझा घर मोजते. लिवून घेते. मी इचारला, कोनी सांगला? तर म्हंते, प्रकल्प हाय. आता ती घरीच ऱ्हाईल." टेप त्याने पायरीवर ठेवली. फेकली नाही, नीट गुंडाळून ठेवली. मागून एक बाई म्हणाली, "चल रं, यांच्याशी काय बोलाचा," आणि सगळे वळले.

घरत बाई पायरीवर बसूनच राहिल्या. सर म्हणाले, "बाई, पुरे आता. पोर्शन किती मागे आहे ते शुभाताईंना विचारा. जुनं चालू होतं तेच बरं होतं." बाईंनी मान हलवली, होकार की नकार, कळलं नाही. त्या दिवशी नववीच्या तासाला त्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि 'लिहा' म्हणाल्याच नाहीत.

शनिवारी मला म्हणाल्या, "उद्या मोकळी आहेस?"

"कशाला?"

"पाड्यावर जायचंय. चूक कबूल करायला. आणि मला ते पाणी बघायचंय."

थंडीचे दिवस होते. रिक्षाने सोडलं तिथून पुढे पायवाट, दोन्ही बाजूंना कापणी झालेली खाचरं. झाडी संपली आणि एकदम पाणी आलं. असं निवांत पाणी मी पाहिलं नव्हतं. समोरचा डोंगर त्यात उलटा, धुक्याची एक पट्टी मधोमध, आणि एक पांढरा पक्षी इतका सावकाश चाललेला की तो उडतोय की तरंगतोय, सांगता येऊ नये. बाई अर्थातच थांबल्या. मी घड्याळ बघितलं आणि या वेळी गप्प बसले.

पाड्यावर कोणी 'या' म्हटलं नाही. बाई एका अंगणाच्या कडेला मातीवरच बसल्या. मी उभी. हळूहळू बाया जमल्या. बुधी आजी म्हणून एक फार म्हातारी होती, ती पुढे येऊन बसली. बाई एवढंच म्हणाल्या, "मी चुकले. शब्द चुकला माझा. मोजणी बंद." मग, जणू सहज, "आजी, तुमचं आधीचं गाव कुठं होतं?"

बुधी आजीने हनुवटीने पाण्याकडे दाखवलं. "ता काय."

"कसं होतं?"

"कसा म्हंजे? गावासारखा. चिचेखाली मारुती. मारुतीपुढं आमचा घर."

"चिचेखाली कुठं मारुती?" दुसरी एक म्हातारी मागून उसळली. "मारुती विहिरीकडं!"

"तू लगीन करून कदी आली? तुला काय ठावा?"

"मी आली तवा विहिरीकडंच व्हता."

"मंग काय, मारुती चालत गेला का?"

सगळ्या बाया हसल्या. कोणी तरी म्हणालं, "हिच्या सासूच्या शिव्या ऐकून गेला असंल." आणि मग ते गाव त्या अंगणात येऊ लागलं. एकीचा गोठा, दुसरीचं जातं, आंब्याची रांग, पोरं पोहायची तो डोह. एक सांगे, दुसरी खोडून काढी. पोरं कडेकडेने पुढे सरकली. त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्यातल्या एका मुलाने काडी घेतली आणि मातीत विहीर काढली. "इथं का, आजी?" "इथं नाय, जरा खाली."

जानू दूर हातपंपापाशी पाठ करून उभा होता. यमुना दारात. तिची आई बाईंपाशी येऊन हळूच म्हणाली, "तो नाय ऐकाचा." बाईंनी आग्रह केला नाही.

परतताना म्हणाल्या, "शुभा, त्या बाया सांगत होत्या तेव्हा मी सवयीने डोळे मिटले. काही म्हणजे काही दिसेना. म्हणून उघडले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसले."

पाच मुलं शाळेत परत आली. यमुना आली नाही.

वर्गाचा नकाशा आता पाड्याचा राहिला नाही, पाण्याखालच्या गावाचा झाला. चित्रकलेच्या हॉलच्या जमिनीवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, खडूने. पाड्याची मुलं दर सोमवारी नवी खबर आणायची आणि शनिवारचं अर्धं पुसलं जायचं. हेंद्रेपाड्यातली, स्टेशनजवळच्या सोसायट्यांतली मुलं गुडघ्यांवर बसून आंब्याची झाडं काढायची. "बाई, हे बरोबर आहे का?" असं प्रत्येकजण विचारी. सांगायचा मोह होऊ नये म्हणून बाईंनी पदराचं टोक दातात धरायची सवय लावून घेतली होती. पदर काढून म्हणायच्या, "मला काय माहीत? मी तिथे कधी गेलेच नाही," आणि परत धरायच्या. पण हे सोपं गेलं नाही. एका दुपारी वर्ग फार भांडला, तशा त्या टेबलाला टेकल्या, डोळे मिटले, म्हणाल्या, "लिहा." सटासट पेनं उघडली. मुलांना सुटल्यासारखं झालं होतं. बाईंनी डोळे उघडले, ती सगळी तयार पेनं पाहिली आणि म्हणाल्या, "नको. बंद करा. भांडा."

चाचणीत गुण थोडे घसरले. एक पालक तणतणत आले, "मॅडम, पुढच्या वर्षी दहावी आहे. तुम्ही त्याला बुडालेलं गाव काय शिकवताय?"

"गाव नाही हो, विचारायला शिकवतेय. मीही नवीनच आहे यात. सांभाळून घ्या."

एवढं बोलून त्या त्यांना सरळ हॉलमध्ये घेऊन गेल्या. तो माणूस साताऱ्याकडचा निघाला. मुलाला मारुतीच्या देवळापुढे पार कसा असतो ते सांगत खाली बसला आणि शर्टाला खडू लागल्याचं घरी जाईपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही.

मारुती दोन काढले होते. शाळेच्या प्रदर्शनात नकाशा दाखवायचं ठरलं, तसे मोरे सर बघायला आले. "एका गावात दोन मारुती?"

"म्हाताऱ्या दोन आहेत, सर."

नकाशात एक जागा मात्र कोरी होती. विहिरीच्या वरच्या अंगाला मेंगाळांचं घर होतं, एवढं सगळे सांगायचे. नेमकं कुठे, दार कुणीकडे, हे विचारलं की म्हणायचे, "ता जानू सांगंल." बाई आणखी दोनदा पाड्यावर गेल्या. दोन्ही वेळा जानू रानात होता किंवा होता असं सांगितलं गेलं. हजेरीत त्या यमुनाचं नाव रोज मोठ्याने घेत, आणि पुढचं नाव घ्यायच्या आधी किंचित थांबत. सर म्हणाले, इतके दिवस गैरहजर म्हणजे आता नाव काढावं लागेल. बाई म्हणाल्या, "प्रदर्शन होऊ दे. मग मीच काढेन."

"बरं, मग नकाशातला तो कोरा भाग तरी भरा. पाहुणे येतील. एक चौकोन टाका, काय फरक पडतो?"

"नाही सर. ते आपल्याला माहीत नाही."

मी बाईंना इतक्या वर्षांत मुख्याध्यापकांना 'नाही' म्हणताना पाहिलं नव्हतं. त्यांनाही ते नवीन असावं, कारण बाहेर आल्यावर त्यांनी मलाच विचारलं, "मी खरंच 'नाही' म्हटलं का गं?"

त्या वर्षानंतर दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. अंबरनाथलाच असतात, फोनवर बोलणं होतं, त्यांच्या निरोप समारंभाचं सूत्रसंचालनही मीच केलं. पण घरत बाई म्हटलं की मला निरोपाची शाल आठवत नाही. प्रदर्शनाचा शनिवार आठवतो.

या वेळी पाड्यावर कागद गेला नव्हता. मुलांनी घरी जाऊन फक्त तोंडी सांगितलं होतं, बघायला या. दुपारी एक टेम्पो आला, त्यातून सगळा पाडा उतरला. हॉलच्या दाराशी आल्यावर पुढच्या बाया थांबल्या. आत जमिनीवर पांढऱ्या रेघांचं गाव. कोणी काही सांगितलं नाही, पण एकेकाने चपला बाहेर काढल्या. मग ती माणसं आत शिरली आणि वाटेने चालू लागली. रेघेवर पाय द्यायचा नाही, घरांवरून जायचं नाही. खडूच्या दोन रेघांमधल्या गल्लीतून, एकामागे एक, वळणावर वळत. समोरून कोणी आलं तर अंग चोरून वाट देत. बुधी आजी चिचेला वळसा घालून आपल्या घरापाशी गेली, दारातून आत गेली आणि पाय पसरून बसली. "हुश्श," म्हणाली. हॉलमध्ये ऊन तिरपं येत होतं आणि खडूची धूळ त्यात तरंगत होती. इतकी माणसं होती, पण आवाज असा येत होता की जणू सगळे पाण्याच्या पलीकडून बोलतायत.

सगळ्यांच्या मागे जानू होता, आणि त्याच्या मागे यमुना. तो दारातच बराच वेळ उभा राहिला. मग विहिरीपर्यंत आला.

"आमचा कुठाय?"

मुलांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी दातातला पदर काढला. "तुमचं आम्हाला माहीत नाही."

जानू त्या कोऱ्या जागेकडे बघत होता. "बरा केला," तो म्हणाला. "कोनी उगाच कायतरी काडला असता, तर मी लगेच भाईर गेलो असतो."

त्याने खडू मागितला. विहिरीपाशी उभा राहिला आणि वरच्या अंगाला पावलं टाकू लागला. पावलं अगदी लहान, अंगठ्याला टाच लावल्यासारखी. पोरं हसली. तो थांबला, कमरेपाशी हात धरून म्हणाला, "अरं, तवा मी एवढा व्हतो." मग कोणी हसलं नाही. तो तसाच बारीक पावलांनी चालत गेला, एका जागी थांबला, खाली बसला आणि आधी उंबरा काढला. मग दार. मग भिंती, ओटा, चुलीची जागा.

बुधी आजी आपल्या घरातून ओरडली, "अरं, तुझा घर एवढा मोठा कुठं व्हता?"

"मला तेवढाच व्हता, आजी."

त्याने खडू यमुनाकडे दिला. "लिव."

"काय?"

"नाव. मेंगाळ लिव. आन् खाली तुझा लिव."

"मी कुठं होते तवा, बाबा?"

"आता हायेस ना? लिव."

तिने लिहिलं. वर्ग तिच्याभोवती गोळा झाला, कोणी तिला ढकललं, कोणी तिचा खडू ओढला, तिची जागा पटकन तिला परत मिळाली. जानू उठला आणि हात झटकत बाईंना म्हणाला, "सोमवारी येल ती."

रेघेच्या बाहेर, खडूच्या भिंतीच्या अंगाला बाई उभ्या होत्या, मेंगाळांच्या घरात काय चाललंय ते बघत.

"भाईर काय उब्या, बाई?" जानू आतून म्हणाला. "घरात या ना."

बाई भिंतीवरून आल्या नाहीत. कडेकडेने चालत पुढच्या बाजूला गेल्या, उंबऱ्यापाशी थांबल्या, ठेंगण्या दारात माणूस मान वाकवतो तशी मान वाकवली आणि आत गेल्या.